गोष्टीला हुंकार लागतो

या वेळी गठ्ठा उघडला, तर पहिल्या दहांतली सहा पत्रं एकाच विषयावरची निघाली: पंखवाले राक्षस, कुठेच नसलेल्या देशांचे नकाशे, आणि ते नेटवर टाकल्यावर लोक काय म्हणतात किंवा म्हणत नाहीत. म्हणून शाईच्या निबांपासून तुटलेल्या स्टायलसपर्यंतचे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आहे. रागावू नका. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. आठ महिन्यांपासून टोपणनावाने नेटवर एक गोष्ट टाकते, प्रत्येक भागाला एक चित्र. माझ्या गोष्टीतले डोंगर वर्षातून एका रात्री जागा बदलतात आणि नकाशे काढणाऱ्या घराण्यातली एक मुलगी दरवर्षी सगळा नकाशा नव्याने काढते. एकवीस भाग झाले. लाइक येतात नऊ, दहा, फार तर अकरा. माझ्या मैत्रिणीने एका नटाचा चेहरा पेन्सिलने काढून टाकला, त्याला चारशे आले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार होते, पण वाटलं. एक अनोळखी वाचक मात्र प्रत्येक भागाखाली काहीतरी लिहायचा. एकदा लिहिलं होतं, ‘डोंगराच्या टाचेवर शेवाळ आहे, म्हणजे तो बराच काळ हलला नसणार ना?’ मी ते शेवाळ असंच काढलं होतं. तीन आठवडे झाले, तो गायब आहे. मी बाविसावा भाग उघडते, दोन ओळी लिहिते आणि बंद करते. मी एकाच माणसासाठी लिहीत होते का? लोकांना आवडतं तेच काढायला लागू का? घरी यातलं कुणालाच माहीत नाही.

उत्तर : शेवाळाची ती ओळ मी तीनदा वाचली. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

लहानपणी अंधारात पडून गोष्ट ऐकताना मोठी माणसं एक अट घालायची: हुंकार द्यायचा. सांगणारा चार वाक्यं बोलला की आपण ‘हूं’ म्हणायचं. हुंकार बंद झाला की पोर झोपलं असं समजायचं आणि राजपुत्र जिथे असेल तिथे, अगदी विहिरीत लटकत असला तरी, तसाच सोडून द्यायचा. त्या ‘हूं’मध्ये कौतुक फारसं नसायचं. मी जागी आहे, तुझ्या मागून चालतेय, थांबू नकोस, एवढंच त्यात असायचं. तुझा अनोळखी वाचक हुंकार देत होता. तो गप्प झाला आणि तुझी गोष्ट डोंगरासकट उभी राहिली.

एकाच माणसासाठी लिहीत होतीस का? असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३७च्या शेवटी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत कादंबरी लिहायला घेतली, ती पुरी व्हायला १९४९ उजाडलं. पुढे १९६५ साली एका पत्रात त्यांनी आपले मित्र सी. एस. लुइस यांच्याबद्दल लिहिलं, की त्यांचं ऋण फिटणारं नाही. ते ऋण लोक समजतात तसं प्रभावाचं नव्हतं, निव्वळ उत्तेजनाचं होतं. कितीतरी काळ लुइस हेच त्यांचे एकमेव श्रोते होते. आपलं लिखाण खासगी छंदापलीकडचं काही असू शकतं, हे त्यांना त्या एका माणसामुळे वाटलं. बारा वर्षं रेटायला एक श्रोता पुरला. तुझ्याकडे अकरा लाइक आहेत, म्हणजे निदान अकरा अंगठे तरी आहेत. त्यातले डोळे किती, ते मोजायचं राहिलंय.

माझंच सांगते. नेटवर पहिलं चित्र मी सत्तेचाळिसाव्या वर्षी टाकलं. त्याआधी वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होते: बेडकाचं जीवनचक्र, तराजूची दोन पारडी, रांगेत उभी राहिलेली शहाणी मुलं. घरी वहीत मात्र पाण्याखालचं एक शहर वाढत होतं. ते कुणाला दाखवायची माझी टाप नव्हती, कारण त्याला उपयोग नव्हता. बेडकाला निदान अभ्यासक्रमात जागा होती. एका रात्री धीर करून घंटाघराचं पान टाकलं. घंटेवर सहा पायांचा एक पहारेकरी प्राणी बसलेला. दोन दिवस शुकशुकाट. फोन मी पालथा घालून ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी उलटा करून बघायचे. तिसऱ्या दिवशी एक कमेंट आली: ‘मधल्या डाव्या पायाला नखं का नाहीत?’

आधी राग आला. मग चित्र मोठं करून पाहिलं तर खरंच नव्हती, विसरले होते. आणि मग हिशेब सुचला. सहा पाय, प्रत्येकाला चार नखं, म्हणजे चोवीस. त्यातली चार नाहीत हे कळायला तो माणूस माझ्या चित्रासमोर किती वेळ थांबला असेल! मी उत्तर ठोकून दिलं, ‘त्याच पायाने घंटा वाजवतो, झिजली.’ शुद्ध थाप. पण घंटा तो कशासाठी वाजवतो हे आता मला शोधणं भाग होतं, आणि त्या शोधात पुढची अकरा पानं निघाली. तुझं शेवाळही तसंच आहे. तू ते सहज काढलंस. त्याने विचारलं, आणि ते गोष्टीत शिरलं.

आता लाइकचं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, स्केचपेनने चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र काढून झाल्यावर अचानक तेच दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात मोकळे ठेवले आणि कोण किती वेळ त्यांच्याशी रमतं ते पाहिलं. बक्षीस ठरवून मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी होती. ज्यांना ते अवचित मिळालं, त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

मी हा प्रयोग वाचला तेव्हा फोन पालथा घालणारी मी आठवले. तेव्हापासून माझी एक सवय आहे, तुला जमली तर बघ. भाग टाकायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकायचंच नाही. बऱ्याच ठिकाणी लाइकचा आकडा लपवायची सोयही सेटिंगमध्ये असते, ती वापर. कमेंट वाच, आकडा मोजू नकोस. पहिला आठवडा जड जातो, हे कबूल.

मैत्रिणीच्या चारशेंचं गुपित साधं आहे. ओळखीचा चेहरा ओळखता येण्यातच बघणाऱ्याला सुख असतं, आणि त्याला अर्धा सेकंद पुरतो. ‘अरे, हा तर तो!’ की अंगठा दाबला. तुझा डोंगर आधी कुणी पाहिलेलाच नाही. त्याची ओळख करून द्यायला तुला अर्धं मिनिट लागतं आणि अर्धं मिनिट कुणी सहजासहजी देत नाही. नटाचे चेहरे काढावेसे वाटले तर जरूर काढ, हात सुधारतो. पण त्यासाठी आलेली गर्दी नटासाठी आलेली असते. डोंगर दिसला की ती पांगते, आणि मग आत्तापेक्षा जास्त लागतं. हे मी करून बसले आहे. विषय मांजरांचा होता. जास्त विचारू नकोस.

त्यापेक्षा आहे त्या गोष्टीत शिरायची वाट रुंद कर. आज एखादा सरळ एकविसाव्या भागावर येऊन आदळला तर त्याला काय कळणार? सगळ्यात वर एक पोस्ट कायमची ठेव: नकाशा आणि चार ओळी. ‘इथे डोंगर वर्षातून एकदा चालतात. ही मुलगी नकाशा काढते. पहिला भाग इथे.’ बस. दुसरं, तू पाठवलेल्या तिन्ही चित्रांत तू आख्खी डोंगररांग काढली आहेस. कागदावर ती भव्य दिसते, फोनवर मुंग्यांची रांग. रांग असू दे, पण तिच्या आधी टाचेचा तुकडा कापून मोठा करून लाव. शेवाळ, भेगा, बोटांच्या बेचक्यात अडकलेलं झाड. माणूस टाचेपाशी थांबला तर डोंगराकडे मान वर करील.

आणि तू कुणाला हुंकार देतेस? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून विचारते. अशी चित्रं काढणारी, अकरा लाइकवाली माणसं शोध. रोज एकाच्या चित्राखाली, तू खरोखर काय पाहिलंस ते एका ओळीत लिही. ‘छान’ लिहू नकोस. ‘पुलाखालची दुसरी सावली कुणाची?’ असं लिही. बदल्यात कुणी तुझ्याकडे येईलच असं नाही, पण दुसऱ्याचं चित्र इतकं निरखून पाहिलं की आपलंही बदलतं. शिवाय माझे आजचे तिघं पक्के वाचक मला असेच भेटले.

त्या हरवलेल्या वाचकाच्या मागे लागू नकोस. आजारी असेल, परीक्षा असेल, कंटाळलाही असेल. त्याच्या जुन्या कमेंटखाली एकदाच लिही, की शेवाळाचं उत्तर बाविसाव्या भागात आहे. आणि मग ते खरंच तिथे असू दे. जो डोंगर हलायचा विसरला त्याचं काय होतं? मला आत्ताच जाणून घ्यायचंय.

राहिलं घरचं. इथे माझा सूर आईसारखा लागणार, ऐकून घे. तो वाचक बारा वर्षांचा आहे की पन्नास, हे तुला माहीत नाही. कमेंट चांगल्या आहेत, माणूसही चांगलाच असेल. तरी बोलणं सगळ्यांना दिसेल अशा जागीच ठेव. कुणीही, कितीही कौतुक करणारं, तुझा फोटो, शाळा-कॉलेज किंवा नंबर मागू लागलं, किंवा ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणालं, तर स्क्रीनशॉट काढ, बोलणं तोड आणि घरातल्या मोठ्या माणसाला सांग. त्या दिवशी घरी सगळं पहिल्यापासून सांगत बसायला लागू नये, म्हणून पहिला भाग आजच आईला वाचून दाखव. सगळे एकवीस नकोत. पहिला दाखव आणि ती ‘मग?’ म्हणते का बघ.

प्रश्न : मी बावन्न वर्षांचा आहे, हिशेबनीस आहे. दर रविवारी माझ्या अद्भुत कादंबरीचं एक प्रकरण नेटवर टाकतो. अडतीस झाली. प्रतिक्रिया भरपूर येतात: ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘लेखणीला सलाम’, फुलांचे गुच्छ. गेल्या महिन्यात माझ्या ध्यानात आलं, की नवव्या प्रकरणात धारातीर्थी पडलेला सेनापती तिसाव्यात मी घोड्यावर बसवला आहे. एकानेही विचारलं नाही. उलट दोघांनी लिहिलं, ‘सेनापती भारी!’ मी हसू की रडू?

उत्तर : आधी हसा. मी दोन दिवस हसते आहे.

मग त्या माणसांवर रागावू नका. ‘लेखणीला सलाम’ लिहिणारा वाईट माणूस नसतो. तो तुमच्या दारावरून जाताना हात वर करून जातो. रविवारी सकाळी त्याला अशी वीस दारं करायची असतात आणि घरात येऊन बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. सलाम घ्यावा, आपणही करावा. फक्त त्याला वाचन समजू नये. आणि खरं सांगायचं तर दोष थोडा आपलाही असतो. प्रकरणाखाली आपण लिहितो, ‘कसं वाटलं ते नक्की सांगा.’ याला सभ्य माणूस दुसरं काय उत्तर देणार? लग्नाच्या मांडवात जेवण कसं झालंय विचारल्यासारखंच ते.

ज्याचं उत्तर ‘अप्रतिम’ असं देताच येणार नाही, असा प्रश्न विचारा. ‘कुठल्या परिच्छेदाला तुम्ही ओळी गाळल्यात?’ ‘राणी खोटं बोलतेय, हे तुम्हाला कधी कळलं?’ ‘या प्रकरणातली किती नावं मागे न जाता आठवतात?’ हा शेवटचा तर विचाराच. तुम्ही पाठवलेल्या बारा पानांत ‘क्ष’ने सुरू होणारी सात माणसं आहेत, आणि एका नावात तीन जोडाक्षरं. क्षेमध्वज आणि क्षितिध्वज यांच्यातला कोण मेला हे तुम्हीच विसरलात, तर वाचकाने का लक्षात ठेवावं? अद्भुत कथेत भारदस्तपणा यावा म्हणून आपण मराठी लेखक संस्कृतच्या कोठारात शिरतो आणि खांद्यावर मावेल तेवढं घेऊन येतो. एखाद्या सेनापतीला नुसतं ‘भिवा’ म्हणून बघा. लगेच त्याला घाम येतो, गुडघा दुखतो, आणि तो मेला तर कळतंही.

दुसरं, जाहीर जागा सोडून तीन माणसं निवडा. तीनच. एक भरपूर वाचणारा, एक अशा गोष्टी कधीच न वाचणारा, आणि एक तुमच्यासारखाच लिहिणारा, ज्याची प्रकरणं बदल्यात तुम्ही वाचाल. त्यांना पाच-पाच प्रकरणं छापून द्या आणि हातात पेन्सिल द्या: कंटाळा आला तिथे रेघ, समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. ते बोलत असताना आपण गप्प बसायचं. ‘ते पुढे स्पष्ट होतं’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पुढे स्पष्ट होणाऱ्या गोष्टीपर्यंत तो पोचणारच नाही, हेच तो सांगत असतो. तिघांनी एकाच जागी रेघ मारली तर ती जागा खरंच आजारी आहे. त्यांनी सुचवलेली औषधं मात्र घेऊ नका. माझा अनुभव असा, की दुखतं कुठे ते वाचक अचूक सांगतो आणि उपाय बहुधा दुसऱ्याच पुस्तकातला सांगतो.

हिशेबनीस आहात, तर एक खातेवही पात्रांची उघडा: नाव, पहिली भेट, जखमा, मृत्यूची तारीख. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे कमालच.

आणि सेनापतीला इतक्यात पुन्हा मारू नका. नवव्यात त्याचं प्रेत कुणी पाहिलं होतं? पाहिलं नसेल तर सुटलात. पाहिलं असेल, तर तिसाव्यात घोड्यावर बसलंय ते कोण, हा प्रश्न तुमच्या अडतीस प्रकरणांतला सर्वांत चांगला प्रश्न असू शकतो.

प्रश्न : मी पंखवाला ड्रॅगन काढून टाकला. एकाने लिहिलं, ‘शरीररचना चुकली आहे, असे पंख उडूच शकत नाहीत.’ काल्पनिक प्राण्यात चूक-बरोबर कसलं? मला ते टोचलं आहे. उत्तर देऊ का?

उत्तर : द्या, पण आधी चित्र पुन्हा बघा. मी पाहिलं. तुमचे पंख पाठीला डिंकाने चिकटवल्यासारखे आहेत. त्या गृहस्थाचं म्हणणं बरोबर आहे, सांगायची रीत मात्र कोरडी.

पंख हा हातच असतो. वटवाघळाचा सांगाडा बघा: खांदा, कोपर, मनगट, आणि मग छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब बोटं, त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला नावेच्या कण्यासारखी उभी धार असते, तिला उडण्याचे दणकट स्नायू चिकटलेले असतात. तुमच्या ड्रॅगनची छाती कुत्र्यासारखी सपाट आहे, म्हणून डोळा म्हणतो, हा उडणार नाही. बघणाऱ्याला शरीरशास्त्र येत नसतं, पण त्याने आयुष्यभर पक्षी पाहिलेले असतात. आता चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले, आणि पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्याला चाराच्या वर नाहीत. म्हणून काढू नये का? खुशाल काढा, मी सहा पायांवर जगते आहे. फक्त दुसऱ्या खांद्यासाठी पाठीत जागा करा. मागे एक बरगड्यांची जोडी वाढवा, मान पुढे ढकला. खोटं बोलायचं तर हाडापर्यंत बोलावं.

पटत नसेल तर आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा गेंडा बघा. मे १५१५मध्ये गुजरातहून निघालेला एक जिवंत गेंडा जहाजाने लिस्बनला पोचला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. त्याच्याकडे आलं ते एक वर्णन आणि एक रेखाटन. तेवढ्यावर त्याने लाकडाच्या ठशातून छापलेलं चित्र काढलं: अंगावर रिबिटं मारल्यासारखं चिलखत, पायांवर खवले, आणि खांद्यांच्या मध्ये चक्क आणखी एक छोटं शिंग. ते शिंग खोटं आहे. तरी पुढची दोनशे-अडीचशे वर्षं युरोपातली प्राण्यांची पुस्तकं त्याच चित्राच्या नकला छापत राहिली, कारण चिलखताचा प्रत्येक पत्रा दुसऱ्याला कुठे भिडतो हे त्याने ठरवलेलं होतं. चुकीचा गेंडा, पण चालू लागेल असा. त्या बिचाऱ्या खऱ्या गेंड्याचं जहाज १५१६च्या सुरुवातीला बुडालं आणि तो साखळदंडासकट गेला. हे प्रश्नाच्या बाहेरचं आहे, पण मला ते चित्र पाहताना दर वेळी आठवतं.

त्या गृहस्थांना लिहा: ‘खांदा बदलून पुन्हा काढला आहे, आता उडेल का?’ टीका करणाऱ्याला दुसरं चित्र दाखवलं की तो बहुतेक वेळा तुमच्या बाजूने येऊन बसतो.

प्रश्न : माझं जलपरीचं चित्र कुणीतरी उचलून स्वतःच्या नावाने टाकलं आहे, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त कौतुक मिळतंय! आता टाकणंच बंद करू का?

उत्तर : संताप योग्य आहे. बंद मात्र करू नका.

चित्र काढलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला. त्यासाठी नोंदणी लागत नाही. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचं हे तत्त्व आज १८०हून अधिक देशांत चालतं. दोन्ही पोस्टचे तारखांसकट स्क्रीनशॉट काढा, मग त्या ठिकाणी कॉपीराइटच्या तक्रारीचा जो फॉर्म असतो तो भरा. कच्चं रेखाटन आणि लेयर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, असलेली मूळ फाइल हा तुमचा सर्वांत पक्का पुरावा, चोराकडे ती नसते. म्हणून पूर्ण झालं की लेयर एकत्र करून मूळ फाइल उडवायची सवय असेल तर ती आजच सोडा. ‘हे यंत्राने काढलंय’ असा आरोप आला तरीही हीच फाइल कामी येते. दोघा वाचकांनी तेही विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर.

पुढे टाकताना लहान आकारात टाका. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, नीट छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. नेटवर हजारभर पिक्सेल रुंदीचं चित्र छान दिसतं आणि छापायला घेतलं की फाटतं. सही कोपऱ्यात करू नका, कोपरा कापता येतो. जलपरीच्या शेपटीच्या खवल्यांत करा. आणि कागदावरच्या चित्राचा फोटो फोनने काढत असाल तर कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फाइलबरोबर घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो.

त्याला मिळालेलं कौतुक तुमच्याच जलपरीचं आहे, हे आज समाधानाचं वाटणार नाही. ठीक आहे, नका मानू समाधान.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा दिवसभर राक्षस काढतो आणि ‘हे नेटवर टाक, लोक काय म्हणतात बघू’ असा हट्ट धरतो. टाकू का? आणि मी स्वतः काय बोलू? दर वेळी ‘वा, छान’ म्हणून मी दमलो आहे.

उत्तर : तोही दमला असेल. बहुतेक ठिकाणी खात्यासाठी वयाची अट तेराची आहे, ते कारण आयतं हाताशी आहे. फार वाटलं तर तुमच्या खात्यावरून, मुलाचं नाव-गाव न देता, ओळखीच्या आठ-दहा माणसांपुरतं टाका आणि आलेल्या ओळी वाचून दाखवा. आकडा सांगू नका. वर सोनेरी शिक्क्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलंय, ते वाचा.

‘वा’ ऐवजी विचारा: हा झोपतो कुठे? त्याला कोण घाबरत नाही? याची आई कशी दिसते? माझ्या भाच्याला मी शेवटचा प्रश्न विचारला, तर त्याने कपाटाच्या दारापर्यंत पुरेल एवढी राक्षसाची आई काढली. नंतर कपाट उघडायची पंचाईत झाली, ते वेगळं.

प्रश्न : ताई, मी तुमचीही पानं वाचते. घंटाघरात शिडीवर अडकलेला तो माणूस चार महिने तिथेच आहे. मग?

उत्तर : अजून तिथेच आहे. शिडीच्या सगळ्या पायऱ्या मी सावल्यांसकट काढून ठेवल्या होत्या, वरची तुटकी पायरी तर फार छान जमली होती. तुमचं पत्र वाचताना एकदम डोक्यात आलं, की पाण्याखालच्या शहरात माणूस शिडी कशाला चढेल? तो पोहत वर जाईल. आता ती तिन्ही पानं नव्याने काढणं आलं.